भय : घरातले आणि थिएटरातले



भुताच्या गोष्टी ऐकाव्यात त्या दिवे मालवून आणि चार जणांच्या घोळक्यात, असा आमच्या लहानपणीचा शिरस्ता होता. भयपटांचेही तसेच आहे, हे मला 'तुंबाड'ने पटवले.

राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. मी तो प्रथम घरीच पाहिला. खोलीत दिवा, मध्येच दाराची घंटा, आणि भीती वाटू लागली की चित्र थांबवण्याची कळ हाताशी! धान्यासाठी वखवखलेला हस्तर आणि त्याच्या मोहरांसाठी वखवखलेली माणसे. म्हणजे ही लोभाची रूपककथा, असा अर्थ लावून मी मोकळा झालो. इतका सुबोध अर्थ हाती लागल्यावर भ्यायचे कशाला?

पुढे १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक गल्ला त्याने जमवला. पुतण्याच्या आग्रहावरून मी इथे इंदुरात तो पाहावयास गेलो. कोकणातली माणसे हिंदी बोलतात, याचे आम्हां इंदूरकरांना नवल ते काय! पण तो पाऊस! कित्येक पावसाळे खऱ्या पावसात केलेले हे चित्रण. घरी तो खिडकीबाहेर पडल्यासारखा वाटला होता, इथे तो अंगावर आला.

मग ती कुलूपबंद खोलीतली म्हातारी आली. धाकटा भाऊ झाडावरून पडलेला, आई त्याला घेऊन गेलेली, आणि तिला घास भरवण्याचे काम एकट्या विनायकावर येते. माझे हात गार पडले. आमच्या घरीही मागल्या खोलीत वडिलांची एक आत्या अंथरुणाला खिळलेली होती. ताट घेऊन मला पाठवीत. मी ते उंबऱ्यावरूनच आत सरकवी आणि पळत सुटे. ती मागून माझे नाव घेऊन हाका मारी. घरी चित्र पाहताना नेमक्या याच जागी ते थांबवून मी पाणी प्यावयास उठलो होतो, हे तेव्हा ध्यानात आले. थिएटरात उठण्याची सोय नव्हती.

कमाल अमरोही यांच्या 'महल'मध्ये, १९४९ साली, भूत म्हणून जिच्यामागे नायक वेडावतो ती अखेर माळ्याची मुलगी निघते. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकून घरी जातो. 'तुंबाड' ही सवलत देत नाही. विनायक वर्षांनी परततो तेव्हा म्हातारीच्या देहातून झाड उगवलेले असते आणि तरी ती जिवंतच असते. ती सोन्याचे गुपित सांगते, मोबदल्यात मागते ते फक्त मरण. लोभाची कथा आहेच. पण मला त्या दिवशी ती दाराआड ठेवलेल्या माणसाची वाटली.

बाहेर पडल्यावर पुतण्याने विचारले, "काका, तुम्ही कुठे घाबरलात?"

मी म्हटले, "पाऊस फार होता रे."