प्रदर्शनातील गाळा आणि दिव्यांग ग्राहक



शहराच्या मैदानावर मांडव पडला, की चार-आठ दिवसांपुरते त्या परिसराचे रूपच पालटते. कुठे बचत गटांच्या भगिनींनी आणलेली लोणची-पापड, कुठे हातमागाची वस्त्रे, कुठे ग्रंथांच्या राशी. या तात्पुरत्या बाजारपेठेमागे बरीच कागदोपत्री तयारी असते. जागेची परवानगी, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, विजेची जोडणी, खाद्यपदार्थ विकणाऱ्यांची नोंदणी हे सारे रीतसर पार पडते. मात्र व्हीलचेअरवरून आलेला ग्राहक गाळ्यापर्यंत पोहोचेल काय, आणि पोहोचला तर त्याला माल हाताळून पाहता येईल काय, हा प्रश्न या कागदपत्रांत बहुधा कोणी विचारीत नाही. तो विचारला जातो उद्‌घाटनानंतर, आणि तेव्हा त्याचे उत्तर द्यायला कोणापाशी ना वेळ असतो, ना सामान.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लक्ष आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लक्ष ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. गुडघेदुखीने पायरी चढू न शकणारे वृद्ध आणि बाळाची ढकलगाडी घेऊन आलेली माता यांची गणना त्यात नाही. पण मांडवाच्या चौथऱ्यापाशी त्यांचीही पावले थबकतात.

१९८१ हे वर्ष जगभर अपंग वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हा भर प्रामुख्याने पुनर्वसनावर व साहाय्यावर होता. पुढे शब्द बदलला आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे भूमिका बदलली. १९ एप्रिल २०१७ रोजी अंमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सार्वजनिक सुविधा व सेवा यांची जी व्याख्या आहे, तिच्यात खरेदी-विक्री, धार्मिक, सांस्कृतिक व करमणुकीच्या सेवाही अंतर्भूत आहेत. सेवा देणारी संस्था शासकीय असो वा खाजगी, सुगम्यतेचे नियम पाळणे तिला बंधनकारक आहे. अधिनियमाच्या पहिल्या उल्लंघनास दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यापुढील प्रत्येक उल्लंघनास पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, त्यांतील किमान निकष सक्तीचे असले पाहिजेत, असे स्पष्ट केले. ही मूळ याचिका २००५ सालची होती, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परंतु सक्ती म्हटली, की ती कोणावर, हा प्रश्न उभा राहतो. तालुक्याच्या गावाहून दोन पेट्या मसाले घेऊन आलेल्या महिलेने सोबत लाकडी रॅम्पही आणावा, अशी अपेक्षा करणे न्याय्य होणार नाही. गाळा तिने बांधलेला नसतो. चौथऱ्याची उंची, दोन रांगांमधील वाट, टेबलाचे माप हे सारे मंडप कंत्राटदार ठरवितो, आणि कंत्राटदार निविदेत लिहिले असेल तेवढेच करतो. म्हणून सुगम्यतेची अट सर्वप्रथम निविदेत यावयास हवी. गाळेवाटपाच्या पत्रात ती नंतर घातली, तर तिचा भार नेमका सर्वांत दुबळ्या खांद्यावर जाऊन पडतो.

याचे गणित सोपे आहे. रॅम्पचा सर्वमान्य उतार एकास बारा असा असतो. म्हणजे दर एक सेंटिमीटर उंचीसाठी बारा सेंटिमीटर लांबी. गाळ्याचा प्लायवूडचा चौथरा १० सेंटिमीटर उंच असेल, तर रॅम्प १२० सेंटिमीटर लांब लागेल. प्रत्येक गाळ्यापुढे एवढा रॅम्प घातला तर वाटच उरणार नाही. त्याऐवजी गाळे आणि त्यांमधील वाट एकाच पातळीवर ठेवून रांगेच्या दोन्ही टोकांना एकेक रुंद रॅम्प दिला, की काम भागते. चौथराच वगळून सपाट जमिनीवर गाळे घातले, तर तेवढाही खर्च नाही. मात्र मुरूम सैल नसावा, आणि गालिचाच्या कडा घट्ट बसविलेल्या असाव्यात. व्हीलचेअर जागच्या जागी वळविण्यास सुमारे दीड मीटर लांब-रुंद मोकळी जागा लागते. तेवढी वाट आखलेली असतेही. पण दुसऱ्या दिवशी तिच्यात जाहिरातीचे फलक, रिकामी खोकी आणि जनित्राची वायर येऊन बसते.

इथून पुढची जबाबदारी मात्र विक्रेत्याची. मंडपवाल्याचे नेहमीचे टेबल ७५ सेंटिमीटरच्या आसपास उंच असते व ही उंची बसलेल्या ग्राहकास सोयीची आहे. अडचण होते ती टेबलाच्या झालरीआड रचलेल्या खोक्यांची. त्यांच्यामुळे गुडघ्यांना जागा उरत नाही आणि ग्राहकाला आडवे बसून हात लांबवावा लागतो. टेबलावर पायऱ्यापायऱ्यांची उतरंड रचून उत्तम माल सर्वांत वर ठेवण्याची रीत तर सर्वत्र आहे. प्रत्येक प्रकारचा एक नमुना पुढच्या कडेला ठेवल्याने मांडणीची शोभा कमी होत नाही.

अंध ग्राहकाची अडचण निराळी. पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा दाखविते; छातीच्या उंचीवर लोंबणाऱ्या पिशव्या किंवा खांबाला तिरपा ताणून बांधलेला दोर ती दाखवू शकत नाही. मांडवात इजा होण्याचा धोका तेथेच अधिक. मोबाइलवरून पैसे देण्याचा क्यूआर कोड खांबाला उंच चिकटवलेला असेल, तर व्हीलचेअरवरील ग्राहकाचा हात तेथवर पोहोचत नाही. तोच सुट्या पुठ्ठ्यावर लावला, तर ग्राहकाच्या हाती देता येतो. कर्णबधिर व्यक्तीसाठी ठळक आकड्यांची भावपाटी, एक वही-पेन्सिल आणि विक्रेत्याच्या चेहऱ्यावर पुरेसा प्रकाश एवढ्याने पुष्कळ सुकर होते. बोलताना मान वळवून माल काढू लागले, की ओठांवरून शब्द ओळखणाऱ्याचा धागा तुटतो. आणि किंमत विचारणारा स्वतः समोर असताना उत्तर त्याच्या सोबत्याला देण्याची जी सवय आहे, ती मोडण्यास कोणत्याही निधीची तरतूद लागत नाही.

दिव्यांग व्यक्ती केवळ ग्राहकच असतात, असेही नाही. व्यवसायासाठी सवलतीच्या दराने दिल्या जाणाऱ्या जमिनीच्या वाटपात त्यांना पाच टक्के आरक्षण अधिनियमानेच दिले आहे. पण प्रदर्शनातील गाळ्याला समोरून टेबल आडवे आणि तिन्ही बाजूंनी पडदे असतील, तर व्हीलचेअरवरील विक्रेत्याने आत जावे कसे? टेबल एका बाजूस सरकवून सुमारे ९० सेंटिमीटरची फट ठेवली, तर तो आपल्या गाळ्यात स्वतः प्रवेश करू शकतो.

हे सर्व तपासण्याची योग्य वेळ म्हणजे उद्‌घाटनाच्या आदल्या दिवसाची सायंकाळ. विजेची व अग्निशमनाची पाहणी त्याच सुमारास होते. त्या पाहणीत व्हीलचेअर वापरणाऱ्या एका आणि पांढरी काठी वापरणाऱ्या एका व्यक्तीस सन्मानाने बोलावून, त्यांच्यासोबत प्रवेशद्वारापासून शेवटच्या गाळ्यापर्यंत आणि तेथून स्वच्छतागृहापर्यंत एक फेरी मारावी. कंत्राटदाराचे सुतार त्या वेळी मैदानावरच असतात, आणि त्यांच्या देयकावर सही व्हावयाची असते.