घाटातून शस्त्रक्रियागृहाकडे

(शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञान पदविकेच्या नव्या तुकडीच्या स्वागतप्रसंगी एका ज्येष्ठ तंत्रज्ञांनी केलेले भाषण)



आपल्यापैकी काही जण रुग्णवाहिकेवरील सेवा सोडून या अभ्यासक्रमाला आले आहेत, असे मघाशी समजले. मीही त्याच वाटेने आलो. बोरघाटात एका सेवाभावी संस्थेच्या रुग्णवाहिकेवर मी सहा वर्षे होतो. ती सेवा सोडताना एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी विचारले, "रस्त्यावर पडलेल्या माणसाला टाकून तू थंड खोलीत चाललास?" तो प्रश्न पुष्कळ दिवस मनात सलत राहिला. आज त्याचेच उत्तर द्यावे म्हणतो.

रुग्णवाहिकेत हाती आहे त्यावर भागवावे लागते. जखम दाबून रक्तस्राव थांबवायचा, मोडलेले हाड स्थिर करायचे, श्वासमार्ग मोकळा ठेवायचा आणि निघायचे. तेथे वेग हाच धर्म. तोच स्वभाव घेऊन मी येथे आलो आणि पहिल्याच महिन्यात टेबलावरून घसरलेला चिमटा मोठ्या चपळाईने खाली झेलला. कौतुकाची अपेक्षा होती. पण कमरेखाली गेलेला माझा हात आता निर्जंतुक राहिला नव्हता. गाऊन आणि हातमोजे बदलून मला पुन्हा उभे राहावे लागले. धैर्य आणि निरीक्षण ही रस्त्यावरची शिदोरी येथे उपयोगी पडते. घाई मात्र दाराबाहेर ठेवावी लागते.

ही शिस्त आपल्या परंपरेला परकी नाही. सुश्रुतसंहितेत 101 यंत्रे आणि 20 शस्त्रे सांगितली आहेत, आणि हात हेच प्रधान यंत्र मानले आहे. शल्यकर्मापूर्वी कोणती सामग्री जवळ सिद्ध असावी, यासाठी तेथे 'अग्रोपहरणीय' हा स्वतंत्र अध्याय आहे. आधुनिक काळात, 2008 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने 19 मुद्द्यांची सुरक्षा-सूची दिली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी, असे तीनदा थांबायचे. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या थांबण्याचा अर्थ मला एका रात्री उमगला. अपघातातील रुग्णाच्या पोटावर शस्त्रक्रिया चालू होती. पोट शिवण्यापूर्वीच्या मोजणीत एक मॉप कमी भरला. सारे थकलेले, रुग्णाची प्रकृती नाजूक. 'मोजण्यात चूक झाली असेल' असे म्हणणे सोपे होते. पण मी म्हणालो, "सर, एक कमी आहे." पुन्हा मोजले, बादली पाहिली, पिशव्या उपसल्या. अखेर तो यकृतामागे, रक्तात भिजून दिसेनासा झालेला, सापडला. तो रुग्ण पुढे आपल्या पायांनी घरी गेला. माझे नाव त्याला ठाऊक नाही, आणि असण्याचे कारणही नाही.

मित्रांनो, 2021 च्या केंद्रीय कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ आणि शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ यांना एकाच गटात स्थान दिले आहे. तरीही हे व्यवसाय दोन आहेत, त्यांचे शिक्षण स्वतंत्र आहे. मागच्या अनुभवाच्या बळावर येथील एकही धडा गाळू नका. चाळिशीच्या उंबरठ्यावर मी विशीतल्या मुलांबरोबर हात धुण्यापासून शिकलो; त्यात कमीपणा वाटला नाही.

आणि त्या सहकाऱ्यांना माझे उत्तर एवढेच, की रस्त्यावरचा माणूस मी टाकला नाही. तुम्ही त्याला जेथे पोहोचवता, तेथे आधी जाऊन मी सर्व सिद्धतेनिशी उभा राहिलो आहे.