रानवाटेची जुनी गाडी

जुनी मोटारगाडी विकत घेण्यास निघालेला मनुष्य प्रथम काय पाहतो? तो गाडीचा रंग पाहतो. मग दार उघडून आंत बसतो, स्टिअरिंग हातांत धरतो, आणि इंजिनाचा आवाज ऐकून समाधानानें मान डोलावतो. शहरांतल्या डांबरी रस्त्यापुरती गाडी हवी असेल, तर एवढ्या परीक्षेवर एखादे वेळीं निभावून जाईल. परंतु जी गाडी मुलांबाळांना घेऊन डोंगरांत, रानांत, वस्तीपासून दूर तंबू ठोकण्यासाठीं न्यावयाची आहे, तिची परीक्षा निराळ्या रीतीनें करावी लागते. तेथें ती अडली, तर हांकेच्या अंतरावर मिस्त्री नसतो. दिवस मावळलेला असतो, आणि गाडींत भुकेलेलें मूल व थकलेलें वृद्ध माणूस बसलेलें असतें. तेव्हां अशी गाडी निवडतांना ती किती दूर जाईल यापेक्षां ती सर्वांना सुखरूप घरीं आणील कीं नाहीं, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे.

आपल्याकडे या जातीच्या गाड्यांची ओळख जीपपासून झाली. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या विलीज कंपनीनें सैन्यासाठीं जीप तयार केली. १९४७ पासून मुंबईंत तिची जुळणी होऊं लागली आणि पुढें महिंद्राच्या जीप गांवोगांवीं दिसूं लागल्या. १९८५ मध्यें मारुतीची जिप्सी आली. २०१० मध्यें महिंद्राची थार आली, २०२० मध्यें तिचें नवें रूप निघालें, आणि २०२३ मध्यें मारुतीची जिम्नी बाजारांत आली. याखेरीज स्कॉर्पिओ, सफारी, डस्टर या गाड्यांचेही चारी चाकांना जोर देणारे कांहीं प्रकार निघाले. जुन्या बाजारांत या सर्व आज भेटतात. एवढ्या गर्दींतून आपली गाडी कशी ओळखावी?

एक कुटुंब कल्पूं या. पुण्याचें राहणारें; घरांत नवरा-बायको, बारा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी, आणि सत्तरीच्या आजी. पावसाळा सरल्यावर भंडारदऱ्याच्या बाजूला कोठें तरी दोन रात्री तंबूंत काढाव्या, मुलांना चांदण्यानें भरलेलें आकाश दाखवावें, ही सर्वांची हौस. मुलाला उघड्या टपाची जिप्सी हवी. वडिलांच्या मनांत थार भरलेली. आजींना कोणीं विचारलेलेंच नाहीं. वास्तविक निवडीचा आरंभ त्यांच्यापासूनच झाला पाहिजे. जें माणूस सर्वांत अशक्त, त्याच्या सोयीची गाडी तीच त्या कुटुंबाची गाडी. गाडी पाहावयास जातांना आजींना बरोबर न्यावें आणि त्यांना कोणाचा हात न धरतां चढूं-उतरूं द्यावें. एवढ्या एका परीक्षेनें अर्धी निवड होऊन जाते.

पुढची पायरी साध्या मोजणीची. माणसें पांच. जिम्नींत चारच माणसांची सोय. २०२० नंतरच्या तीन दारांच्या थारमध्यें सामान्यतः चारांचीच, आणि मागें बसणाऱ्याला पुढचें आसन वांकवून आंत शिरावें लागतें. जिप्सींत व पुष्कळ जुन्या जीपवजा गाड्यांत मागील बांकें समोरासमोर, म्हणजे गाडीच्या कडेला तोंड करून असतात. अशा बांकावर बसलेल्या मुलाला अचानक लागलेला ब्रेक आडवा ढकलतो. समोर तोंड असलेलें आसन आणि त्याला नीट चालणारा पट्टा, हें मुलांसाठीं चैनीचें नव्हे, तर अगदीं अवश्य मानावें. म्हणून या पांच जणांनीं चार दारांची, मधल्या रांगेंत तिघांना समोर तोंड करून बसतां येईल अशीच गाडी शोधावी. मुलगा थोडा हिरमुसेल. पण जिप्सी वाईट गाडी म्हणून ती नाकारलेली नाहीं, ती या घराच्या मापाची नाहीं एवढेंच.

माणसांमागोमाग ओझ्याचा हिशेब येतो. पांच जणांचें वजन सुमारें २७५ किलो धरावें. पिण्या-स्वयंपाकासाठीं माणशीं रोज ५ लिटर पाणी म्हटलें, तर दोन दिवसांचें ५० लिटर, म्हणजेच ५० किलो. तंबू, अंथरुणें, शेगडी व भांडीं ६० किलो. दोर, फावडें, जॅक व हत्यारें ४० किलो. एकूण ४२५ किलो झाले. गाडीच्या पुस्तिकेंत किती भार सांगितला आहे, तो या आंकड्याशीं ताडून पाहावा. शिवाय जड सामान टपावर चढवूं नये. टपावर ओझें चढलें कीं गाडीचा तोल वर सरकतो, आणि उतरणीच्या आडव्या वाटेवर ती कलंडण्याचा धोका वाढतो. पाण्याचे डबे खालीं, मधल्या आसनाच्या पाठीशीं घट्ट बांधावे.

आतां चारी चाकांचा जोर म्हणजे काय तें पाहूं. साध्या गाडींत इंजिनाची शक्ति दोनच चाकांना मिळते. त्या दोन चाकांच्या मध्यें डिफरन्शिअल नांवाची दात्यांच्या चक्रांची रचना असते. वळणावर बाहेरचें चाक अधिक व आंतलें कमी फिरावें, ही तिची योजना. परंतु एक चाक चिखलांत घसरूं लागलें, कीं तेंच गरगर फिरत राहतें आणि कोरड्या जमिनीवरचें दुसरें चाक स्वस्थ बसतें. चारी चाकांना जोर देणाऱ्या गाडींत पुढचा आंसही कामाला लागतो, म्हणून ती अशा ठिकाणाहून निघते. तथापि हा कांहीं जादूचा मंत्र नव्हे. पुढचें एक आणि मागचें एक अशीं तिरकीं दोन चाकें अधांतरीं राहिलीं, आणि तीं रोखण्याची निराळी सोय नसली, तर अशी गाडीही जागच्या जागीं राहते. अनुभवी लोक म्हणूनच सांगतात कीं साधी गाडी रानाच्या तोंडाशीं अडकते, आणि बेफिकीर माणसाची चारी चाकांची गाडी रानाच्या पोटांत!

या जोराइतकीच, किंबहुना कुटुंबाच्या दृष्टीनें त्याहून अधिक महत्त्वाची वस्तु म्हणजे मंद गतीचा जादा गिअर. तो टाकला कीं गाडी मुंगीच्या पावलानें चालते, पण चाकांतला जोर वाढतो. सुट्या दगडांच्या उतरणीवर हा गिअर इंजिनाच्या बळानेंच गाडी रोखून धरतो. ब्रेकवर सारा भार पडत नाहीं आणि चाकें घसरत नाहींत. चारी चाकांच्या प्रत्येक गाडींत तो असतोच असें नाहीं. डस्टरच्या चारी चाकांच्या प्रकारांत, उदाहरणार्थ, तो नव्हता. ओल्या मातीच्या सौम्य वाटेस ती गाडी पुरते, खड्या दगडी उतरणीस पुरेलच असें म्हणतां येत नाहीं. उलट, केवळ रूपावरूनही फसूं नये. स्कॉर्पिओ व सफारी या बहुतेक दोन चाकांच्या जोरावरच चालतात, आणि जानेवारी २०२३ पासून थारही दोन चाकांच्या प्रकारांत मिळूं लागली. म्हणून दुसरा दांडा अथवा त्या कामाचें बटण डोळ्यांनीं पाहावें आणि गाडीच्या कागदांवरील प्रकाराचें नांव वाचावें.

गाडी आवडली, तरी लगेच बयाणा देऊं नये. तिला एखाद्या माहितगार मिस्त्रीकडे नेऊन उंच उचलून घ्यावी आणि तिचें पोट पाहावें. रंग चार दिवसांत बदलतां येतो. गाडीचा कणा, म्हणजे चासी, बदलतां येत नाहीं. समुद्राच्या वाळूंत फिरलेल्या गाडीच्या चासीला मीठ आंतून खातें. लहान हातोडीनें ठोकत गेल्यास निरोगी लोखंड खणखणतें. सडलेल्या ठिकाणीं बोदा आवाज येऊन गंजाचे पापुद्रे गळतात. नवें डांबर किंवा काळा रंग फक्त पोटालाच फांसलेला दिसला, तर त्याखालीं काय लपविलें आहे तें अवश्य विचारावें. पाट्यांना तडा आहे काय, जोडकाम केल्याच्या खुणा आहेत काय, हेंही पाहावें. पुढच्या व मागच्या आंसांतील तेलाचे थेंब बोटावर घ्यावे. तें दुधासारखें पांढुरकें झालेलें असेल, तर आंत पाणी शिरलेलें आहे असें समजावें.

पाण्याची आणखी एक परीक्षा आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला. जुलै २०२१ मध्यें चिपळूण बुडालें. पुराखालीं गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारांत येऊं शकतात. अशा वेळीं आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. धुणाऱ्याचा हात तेथवर सहसा पोंचत नाहीं आणि चिखलाची रेघ पट्ट्यावर राहून जाते. पायांखालील गालिचा उचलून त्याखालचें पत्र्याचें तळ पाहावें. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ असें असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. नक्षी शाबूत असूनही रबर वयानें ताठर होतें, हें ध्यानांत ठेवावें.

नंतर गाडी मोकळ्या मातीच्या मैदानावर न्यावी आणि चारी चाकांचा जोर, तसाच मंद गिअर, प्रत्यक्ष टाकून पाहावा. दांडा असलेल्या साध्या रचनेंत ही परीक्षा कोरड्या डांबरी रस्त्यावर मुळींच करूं नये. वळतांना पुढचीं चाकें मागच्या चाकांहून अधिक अंतर तोडतात. दोन्ही आंस एकत्र जखडलेले असतां घट्ट रस्त्यावर चाकांना घसरण्यास वाव मिळत नाहीं आणि सारा ताण आंतील दात्यांवर येतो. कांहीं जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांच्या तुंब्यांवरील कुलुपें हातानें फिरवावीं लागतात. तीं फिरतात कीं गंजून बसलीं आहेत, हें पाहावें. ‘मीं तो गिअर कधीं वापरलाच नाहीं,’ असें विकणारा अभिमानानें सांगतो. वर्षानुवर्षें न हाललेला दांडा मात्र ऐन वेळीं हालेलच असें नाहीं.

शेवटची परीक्षा कागदांची. चासीवर कोरलेला क्रमांक नोंदणीपत्राशीं अंकानिशीं जुळला पाहिजे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ती ५-५ वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. गाडीवर कर्जाचा बोजा शिल्लक नाहीं याचा दाखला मागावा. गाडी घेतल्यापासून ३० दिवसांच्या आंत नांवबदलासाठीं परिवहन कार्यालयास कळवावें, आणि १४ दिवसांच्या आंत विमा कंपनीकडे अर्ज करावा. मागील मालकानें गाडी उंच केली असेल, मूळ रचना बदलली असेल, आणि ती नोंदणीपत्रांत नसेल, तर अपघाताच्या वेळीं हा शौक नव्या मालकाच्या गळ्यांत येतो.

आपलें कल्पिलेलें कुटुंब आतां निवडीच्या टोकाशीं आलें. त्यांच्यापुढें चारी चाकांच्या जोराच्या दोन स्कॉर्पिओ उभ्या आहेत. एक झळझळीत, उंच केलेली, रुंद टायरांची. तिच्या पट्ट्याच्या टोंकाला चिखलाची रेघ सांपडली, आणि आजींना तिच्या पायरीवर पाऊल ठेवतां आलें नाहीं. दुसरीचा रंग उडालेला, दारावर एक पोंचा. पण तिच्या मालकानें दर वेळच्या तेलबदलाच्या पावत्या जपून ठेवल्या आहेत, दोन्ही गिअर बिनतक्रार पडतात, आणि आजी एका हातानें दांडी धरून आंत जाऊन बसल्या. वडिलांनीं दुसरी घ्यावी, आणि ठरविलेल्या रकमेचा पांचवा हिस्सा हातांत राखून नवे टायर, बॅटरी व सर्व तेलें यांवर खर्च करावा. मुलाला दोर बांधावयास व टायरांतील हवा मोजावयास शिकवावें. म्हणजे त्याचा रुसवा राहणार नाहीं.

गाडी घरीं आली म्हणून सारें रान आपलें झालें, असें मात्र समजूं नये. अभयारण्यांत परवानगीवांचून शिरतां येत नाहीं; गोव्यांत समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई आहे; आणि सह्याद्रीच्या सड्यांवरील वीतभर मातींत उमललेलीं फुलें एका चाकाखालीं चिरडतात. पहिली सहल जवळची असावी, दुसऱ्या एखाद्या गाडीच्या सोबतीनें असावी, आणि मुक्कामाच्या जागीं उजेडींच पोंचावें. वाटेंत ओढा भरलेला दिसला, मुलें कितीही म्हणोत ‘जाऊं या ना बाबा,’ तरी गाडी मागें वळवावी. अशा वेळीं मागें फिरण्यांत कमीपणा नाहीं. आजींना आणि मुलांना दुसऱ्या दिवशीं घरच्या ओट्यावर बसून त्या सहलीच्या गोष्टी सांगतां आल्या, म्हणजे गाडीची निवड बरोबर ठरली.