बाई पडली, कायदा पडला नाही

(एप्रिल 1977 मध्ये साकोली तहसिलीतल्या जंगलपट्टीच्या गावांची सभा झाली. त्या सभेतले हे बोलणे. जे गाव सभेला येऊ शकले नाही त्यांच्यासाठी लिहून काढले आहे. वाचता येणाऱ्याने चार लोकांत बसून मोठ्याने वाचून दाखवावे.)



निवडणूक होऊन महिना झाला. मोह वेचताना, बाजाराच्या वाटेवर, पाण्याच्या बोडीवर अजून एकच विषय आहे. बाई पडली. आम्ही मागच्या महिन्यात गावोगाव फिरलो आणि लोकांचे ऐकत गेलो. जे ऐकले तेच आधी सांगतो, कारण यावरून गावात भांडणे लागून राहिली आहेत.

काही ठिकाणी सयान्या बाया रडल्या. काहून रडल्या? त्या म्हणतात, सावकाराच्या कर्जातून गरिबाला सोडवणारा कायदा बाईच्या राज्यात आला. सालदाराला कर्जापायी बांधून ठेवता येत नाही, असा वेठबिगारीचा कायदा तिच्याच राज्यात आला. आपले नाव घेणारी दिल्लीत कोणी होती, ती गेली.

काही ठिकाणी डफ वाजला. काहून वाजला? ते म्हणतात, नसबंदीची जीप दिसली की आम्ही जंगलात पळत होतो. मास्तरला केस पाहिजे, पटवाऱ्याला केस पाहिजे, आणि केस म्हणून सापडे तो गरीब. 1976 मध्ये तर 3 लेकरांनंतर सक्तीने नसबंदी करायचे बिल आपल्या महाराष्ट्राच्या विधानसभेने पास केले होते. राष्ट्रपतीची सही झाली नाही म्हणून वाचलो. आणीबाणीत तोंड उघडायची सोय नव्हती. 21 मार्चला आणीबाणी उठली, म्हणून आज आपण उघड्यावर बसून बोलून राहिलो. मग डफ काहून नाही वाजवायचा?

तिसरी माणसे आम्हाला सगळ्यात जास्त भेटली. त्यांनी शिक्का नांगरधारी शेतकऱ्यावर मारला, आणि बाई रायबरेलीत 55 हजारांनी पडली हे रेडिओवर ऐकून त्यांनाच वाईट वाटले. एका घरात बाप गाय-वासरूवाला, पोरगा नांगरवाला. एकाच माणसाच्या पोटात आनंदही आहे आणि भीतीही आहे.

आणि चौथे म्हणतात, राज्य कोणाचेही येवो, नाकेदार तोच राहते.

या चौघांपैकी कोणी खोटे बोलत नाही. कर्जाचा कायदा खरा आणि नसबंदीची जीपही खरी. ज्याला जे भोगावे लागले त्यावरून त्याने मत दिले. म्हणून कोणी कोणाला गद्दार म्हणू नये, आणि मत कोणाला दिले हे देवापुढे नारळ ठेवून विचारू नये. मत ज्याचे त्याचे आहे.

सारा देशच असा दुभंगला आहे. उत्तर प्रदेशात 85 पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही, बिहारात 54 पैकी एकही नाही. आणि आपल्याला लागून असलेल्या आंध्रात 42 पैकी 41 काँग्रेसला. महाराष्ट्र मधोमध चिरला : 48 पैकी 20 काँग्रेसला, बाकीच्या दुसऱ्यांना. आपल्या भंडाऱ्यातून जनता पक्षाचे लक्ष्मणराव मानकर निवडून आले, आणि बाजूच्या रामटेकात, नागपुरात काँग्रेस. तिकडे समुद्राकडे डहाणूत लालबावट्याचे लहानू कोम आले, ते आदिवासी आहेत. जिथे संघटना पक्की तिथे आपला माणूसही दिल्लीला जाऊ शकते, हे ध्यानात ठेवा.

आता मुख्य गोष्ट. गावोगाव एक अफवा फिरून राहिली आहे. "बाई गेली, आता तिचे कायदेही गेले. जमिनीचा अर्ज मागे घे, नाहीतर खर्चात बुडशील." ही अफवा कोण पसरवते? ज्यांच्या ताब्यात आपल्या बांध्या आहेत ते. काल ते एका पक्षाच्या मंडपात बसले होते, आज दुसऱ्या पक्षाची टोपी शोधून राहिले. निकालाने ते घाबरले नाहीत. आपण रडण्यात आणि नाचण्यात गुंतलो आहोत तेवढ्यात काम उरकून घ्यायचे, एवढाच त्यांचा हिशेब आहे.

म्हणून कोणता कायदा कुठे बसला आहे ते समजून घ्या.

पहिला, जमीन परत मिळण्याचा कायदा. तो दिल्लीचा नाही, मुंबईचा आहे. महाराष्ट्र विधानसभेने केला आणि 1 नोव्हेंबर 1975 पासून लागू झाला. 1 एप्रिल 1957 पासून 6 जुलै 1974 पर्यंत आदिवासीची जी शेतजमीन बिगर-आदिवासीकडे गेली, विकून गेली, गहाण गेली, अदलाबदलीत गेली, ती परत मागता येते. 6 जुलै 1974 नंतर तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय आपली जमीन बिगर-आदिवासीला घेताच येत नाही. मुंबईतले सरकार या निवडणुकीत पडले नाही, आणि उद्या पडले तरी कायदा आपोआप पडत नाही. विधानसभेने रद्द केला तरच तो जाईल.

पैशाची भीती घालतात, तेही ऐका. जमीन परत घेताना शेतसाऱ्याच्या 48 पट रक्कम द्यावी लागते. समजा सारा 5 रुपये आहे, तर 240 रुपये. त्याचे 12 वर्षांचे हप्ते पाडून मिळतात, म्हणजे वर्षाला 20 रुपये आणि वर थोडे व्याज. समोरच्याने विहीर, बांध असे काही केले असेल तर त्याची किंमत वेगळी. जमीन स्वतः कसू असे लिहून द्यावे लागते. पण अर्जाची मुदत 3 वर्षांचीच आहे. 31 ऑक्टोबर 1978 ला ती संपते. अर्ज मागे घेतला आणि मुदत गेली, तर मग रडायला खरे कारण मिळेल.

दुसरी गोष्ट, आपले आदिवासीपण. हे मात्र दिल्लीत अडकले आहे. आजवरच्या यादीत विदर्भातल्या मोजक्याच तहसिली आहेत : मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ. भंडारा जिल्हा त्यात नाही. म्हणजे गडचिरोलीतला गोंड कागदावर आदिवासी, आणि तिची बहीण लग्न होऊन आपल्याकडे नांदते ती कागदावर कोणीच नाही! देव एक, गोत एक, बोली एक, आणि सरकारी कागद दोन. ही हद्दीची अट काढायचा कायदा संसदेने 1976 मध्ये पास केला, पण अजून लागू झाला नाही. ज्यांनी पास केला ते गेले, लागू करणे नव्या लोकांच्या हातात आले. आता आपल्या जिल्ह्याचा खासदार सरकारच्या बाजूचा आहे. ज्यांनी त्यांना मत दिले त्यांनी हक्काने विचारावे, ज्यांनी नाही दिले त्यांनीही विचारावे. तारीख कधी लावता?

कोणी म्हणेल, यादीतच नाही तर जमिनीचा अर्ज कसा चालेल? चालते. यादीतल्या जमातीचा माणूस यादीबाहेरच्या भागात राहत असला तरी जमिनीपुरते त्याला हे संरक्षण आहे, असे मुंबईच्या कायद्यातच लिहिले आहे. तुम्ही यादीत नाही म्हणून कोणी अर्ज परत केला, तर तसे लिहून मागा आणि कागद संघटनेकडे आणा.

तिसरी गोष्ट जंगल. आतापर्यंत जंगल राज्याच्या हातात होते. घटनेची 42वी दुरुस्ती झाली आणि या जानेवारीपासून जंगलावर दिल्लीलाही कायदा करता येतो. नवेगावला 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे आणखी कुठे रेघ ओढतील ते मुंबईतही ठरेल आणि दिल्लीतही. म्हणून निकालाचा आपल्याशी संबंध नाही हे खरे नाही. चौथ्या माणसाला आमचे एवढेच म्हणणे आहे : नाकेदार तोच आहे, पण त्याच्या हातातला कागद बदलू शकते. आपण झोपलो तर तो आपल्याविरुद्ध बदलेल.

तर आम्ही असे ठरवले आहे.

तेंदूपत्त्याची तोडाई सुरू व्हायच्या आत प्रत्येक गावाने गेलेल्या जमिनींची यादी करावी. कोणाची, किती एकर, कोणत्या साली गेली, आज कोण कसते. जो मेला त्याच्या वारसाचे नाव लिहावे. विधवा बायांची नावे सुटू देऊ नये, त्यांच्याच जमिनी आधी गेल्या आहेत.

कोऱ्या कागदावर अंगठा कोणी लावू नये. "अर्ज मागे" असे तोंडी कोणी म्हटले तर एकट्याने तहसिलीत जाऊ नये, चार माणसे सोबत न्यावी.

सुटलेल्या सालदाराला कोणी जुन्या कर्जापायी पुन्हा बांधू पाहील, तर गावाने मध्ये पडावे. तो कायदा दिल्लीचा आहे, पण संसदेत पास झालेला आहे, बाईच्या घरचा नाही.

राज्य बदलले म्हणून ज्याला रडायचे त्याने रडून घ्यावे, ज्याला नाचायचे त्याने नाचून घ्यावे. गाय-वासरूवाल्याची बांधी आणि नांगरवाल्याची बांधी एकाच सावकाराकडे आहे. अर्ज दोघांनी मिळून करायचा आहे.

पुढच्या सभेला येताना सातबारा आणा. सातबारा नसेल तर जुना खसरा, साऱ्याची पावती, जे घरात असेल ते आणा. काहीच नसेल तर बांधीच्या चारी शिवांवर कोण आहे ते पाठ करून या. लिहून घ्यायला आम्ही आहोत.

जोहार!