जांभळ्या शाईचीं मासिकें

श्रोतेहो, आज ज्या मासिकांविषयीं मी बोलणार आहें, त्यांतील एकही आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलें नसेल. तीं दुकानांत विकावयास आलीं नाहींत आणि त्यांपैकीं पुष्कळांनीं छापखान्याचें तोंडही पाहिलें नाहीं. अमेरिकेंतील शाळकरी मुलांनीं, कॉलेजांतील तरुणांनीं आणि एखाद्या हौशी प्राध्यापकानें तीं घरच्या टेबलावर तयार केलीं, आपल्या हातानें पाकिटांत घातलीं आणि तिकिटें चिकटवून टपालांत टाकलीं. त्यांचा विषय काय होता म्हणाल, तर कॉमिक्स. दहा सेंटांस मिळणारीं रंगीत चित्रकथांचीं पुस्तकें! आपणांस हसूं येईल. त्या वेळच्या वडीलधाऱ्या माणसांसही हसूं येत असे, आणि पुष्कळदां रागही. परंतु या पोरकट वाटणाऱ्या उद्योगानें एका विसरलेल्या माणसाची साक्ष कशी जपून ठेवली, ती हकीकत मला आज सांगावयाची आहे.

हा उद्योग आपणांस अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. माझ्या लहानपणीं आमच्या शाळेंत दरवर्षीं एक हस्तलिखित निघे. ज्याचें अक्षर वळणदार त्यानें लेख उतरून काढावयाचे, ज्याला चित्रकलेची गोडी त्यानें मुखपृष्ठ रंगवावयाचें, असा क्रम असे. प्रत एकच, ती वर्गावर्गांतून फिरून परत येईपर्यंत तिचे कोपरे दुमडून जात. त्या हस्तलिखितास गुरुजींचा आशीर्वाद होता. कॉमिक्स मात्र आम्हीं पाठ्यपुस्तकाच्या आड लपवून वाचलीं. १९६४ सालीं मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स निघूं लागलीं, पुढें तीं मराठींतही आलीं. आणि त्यांतील वेताळापायीं ज्यांनीं पाठीवर धपाटे खाल्ले असतील, त्यांस त्या अमेरिकन मुलांचें मन समजावयास अडचण पडणार नाहीं. फरक इतकाच, कीं हस्तलिखिताची हौस आणि कॉमिक्सचें वेड हीं दोन्हीं त्या मुलांनीं एकत्र आणलीं.

या प्रथेचें मूळ मात्र कॉमिक्सच्या आधींचें आहे. १९२६ सालीं ह्यूगो गर्न्सबॅक यांनीं न्यूयॉर्कमध्यें 'अमेझिंग स्टोरीज' हें विज्ञानकथांचें मासिक सुरू केलें. त्यांत वाचकांचीं पत्रें येऊं लागलीं आणि पत्राखालीं लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता छापला जाऊं लागला. गोष्ट दिसावयास क्षुल्लक, पण तिनें मोठें काम केलें. लहानशा गांवीं ज्याच्या आवडीची थट्टा होई, अशा मुलास दूरच्या शहरांत आपल्यासारखाच दुसरा वेडा आहे हें कळे, आणि तो त्यास परस्पर पत्र लिही. पत्रांतून मंडळें झालीं, मंडळांचीं पत्रकें झालीं, आणि १९३० पासून अशीं घरगुती मासिकें निघूं लागलीं. १९४० सालीं रस शोव्हने या अशाच एका हौशी गृहस्थानें त्यांस 'फॅनझीन' हें नांव दिलें. चाहत्यांचें मॅगझीन तें फॅनझीन!

क्लीव्हलँड शहरांतील जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन शाळकरी मित्रांनीं १९३२ सालीं असेंच एक मासिक काढलें होतें. त्याच्या जानेवारी १९३३ च्या अंकांत सीगलनें एका कथेच्या नांवांत 'सुपरमॅन' हा शब्द वापरला. मात्र त्या कथेंतील सुपरमॅन दुष्ट होता. पुढें दोघांनीं त्यास सज्जन केलें, आणि १९३८ सालीं 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकांत तो जगापुढें आला. त्याचे सारे हक्क त्यांनीं १३० डॉलरांस विकून टाकले होते. घरगुती मासिकांतून केवढा वृक्ष वाढूं शकतो, आणि त्याचीं फळें कोणाच्या पदरांत पडतात, हें दोन्हीं या एकाच हकीकतींत दिसून येतें.

सुपरमॅननंतर कॉमिक्सचा पूर आला. पुस्तक वाचावें, मित्रास द्यावें आणि शेवटीं रद्दींत टाकावें, अशी रीत पडली. दुसऱ्या महायुद्धांत जुना कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यांत मुलांनींच आपले गठ्ठे नेऊन दिले. १९४८ सालीं वेस्ट व्हर्जिनियांतील स्पेन्सर या गांवीं, आणि इतरत्रही, मुलांच्या हातून त्यांच्या होळ्या करविण्यांत आल्या. १९५४ सालीं डॉ. फ्रेडरिक वर्थम या मनोवैद्यानें, कॉमिक्समुळें मुलें बिघडतात असें प्रतिपादन करणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. सेनेटच्या उपसमितीनें चौकशी आरंभिली. आणि घाबरलेल्या प्रकाशकांनीं स्वतःवरच एक कडक नियमावली लादून घेतली. जी वस्तु निरुपयोगी, किंबहुना घातक ठरली, ती सांभाळणार कोण? ग्रंथालयें तीं पुस्तकें ठेवीत नसत. त्यांतून पुष्कळशा पुस्तकांवर लेखकांचीं आणि चित्रकारांचीं नांवेंच नसत. कथा कोणी रचली, चित्र कोणी काढलें, हें त्या धंद्याबाहेर क्वचितच कोणास ठाऊक असे. एक सबंध पिढी ज्या कथांवर वाढली, त्यांचा कर्ता कोण हें सांगावयास कोणी उरेल कीं नाहीं, असा प्रसंग आला होता.

आणि नेमक्या याच वेळीं, लहानपणीं तीं पुस्तकें वाचलेलीं मुलें मोठीं झालीं. १९६० च्या सप्टेंबरांत पिट्सबर्ग येथें विज्ञानकथाप्रेमींचें जागतिक संमेलन भरलें. तेथें न्यूयॉर्कच्या डिक आणि पॅट लुपॉफ या तरुण जोडप्यानें 'झीरो' नांवाच्या आपल्या मासिकाचा पहिला अंक वांटला. त्यांत बालपणींच्या कॉमिक्सवर एक जिव्हाळ्याचा लेख होता. पुढल्याच वर्षीं, मार्च १९६१ मध्यें, डेट्रॉइटचे प्राध्यापक जेरी बेल्स यांनीं मिसूरी राज्यांतील रॉय थॉमस या तरुणाच्या साह्यानें 'आल्टर ईगो' काढलें. या दोघांची ओळख कशी झाली? तीही टपालानें. दोघांनींही गार्डनर फॉक्स या जुन्या कथालेखकास पत्रें लिहिलीं होतीं, आणि फॉक्स यांनीं एकास दुसऱ्याचा पत्ता कळविला.

हीं मासिकें कशीं निघत, तें थोडें विस्तारानें सांगतों. सायक्लोस्टाइलचें यंत्र आपल्याकडे कचेऱ्यांतून पुष्कळांनीं पाहिलें आहे. मेणकागदावर टंकलेखन केलें म्हणजे अक्षराच्या जागचें मेण निघून जातें, आणि त्या वाटेनें शाई खालच्या कागदावर उतरते. कांहीं मासिकें या यंत्रावर निघत. 'आल्टर ईगो'चा जन्म मात्र याहून स्वस्त अशा, स्पिरिटावर चालणाऱ्या यंत्रावर झाला. त्याच्या मूळ कागदाच्या पाठीशीं रंगाचा लेप दिलेला दुसरा कागद ठेवीत. वरून लिहिलें, कीं तो रंग मूळ कागदाच्या पाठीवर उलटा उमटे. मग तो कागद यंत्राच्या नळकांड्यावर चढवून हातानें दांडा फिरवावयाचा. स्पिरिटानें किंचित् ओलावलेला कोरा कागद त्यावर दाबला जाई आणि थोडासा रंग घेऊन बाहेर पडे. हा रंग बहुधा जांभळा असे. प्रत्येक प्रतीगणिक मूळचा लेप झिजत जाई, आणि शे-दोनशे प्रती निघाल्या कीं अक्षर फिकट पडूं लागे. म्हणजे मासिक किती जणांच्या हातीं जावें हें संपादकाच्या इच्छेवर अवलंबून नसे. कागदाच्या पाठीवरील रंगच तें ठरवी. चूक झाली तर पातें घेऊन पाठीवरचा रंग हलकेच खरडावा लागे. अंक निघाला त्या दिवशीं घरभर स्पिरिटाचा वास आणि बोटें जांभळीं! इतक्या कष्टानें उमटलेलीं तीं अक्षरें उजेडांत राहिलीं तर कांहीं काळानें पुसट होऊन जात.

परंतु मासिक काढलें तरी तें पाठवावयाचें कोणास? येथें पुन्हां ती पत्त्याची ओळ उपयोगी पडली. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॉमिक्स संस्थेंत ज्यूलियस श्वार्ट्झ हे संपादक होते. १९३२ सालीं, ऐन तारुण्यांत, त्यांनीं स्वतः मित्रांसह विज्ञानकथांचें एक फॅनझीन चालविलें होतें. त्यांनीं १९६१ च्या सुमारास आपल्या पुस्तकांत वाचकांचीं पत्रें पूर्ण पत्त्यांसह छापण्यास आरंभ केला. बेल्स आणि त्यांचे सोबती ते पत्ते उतरून घेत आणि त्या मुलांस पत्रें धाडीत. आपलें पत्र छापून आलें या आनंदांत असलेल्या मुलाच्या दारीं एक दिवस अनोळखी हस्ताक्षराचें पाकीट येऊन पडे, आणि त्याचें जग एकाएकीं विस्तारे. फ्लॉरिडांतील गॉर्डन लव्ह या तरुणास लहानपणापासून असा विकार होता, कीं हातापायांच्या स्नायूंवर त्याचा पुरता ताबा नसे. त्यानेंही टंकलेखन यंत्राशीं झगडत 'रॉकेट्स ब्लास्ट' नांवाचें मासिक काढलें, आणि तें वर्षानुवर्षें चालवून दाखविलें.

आतां त्या विसरलेल्या माणसाकडे वळूं. 'बॅटमॅन' हें पात्र १९३९ सालीं अवतरलें. त्यावर बॉब केन या चित्रकाराचें एकट्याचें नांव असे, आणि करारानें तें तसेंच राहावयाचें होतें. पण त्या पहिल्या कथेचे लेखक होते बिल फिंगर. ताठ पंखांऐवजीं झुलता झगा, डोक्यावरील टोप, हातमोजे, ब्रूस वेन हें नायकाचें नांव, गॉथम हें नगरीचें नांव, हें सारें फिंगर यांनीं सुचविलेलें. पंचवीस वर्षें त्यांनीं कथा लिहिल्या, आणि पंचवीस वर्षें त्यांचें नांव मुखपृष्ठावर आलें नाहीं.

१९६५ च्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्क येथें कॉमिक्सच्या चाहत्यांचें संमेलन भरलें, तेथें फिंगर आले होते. बेल्स यांनीं त्यांस गांठून बोलतें केलें, आणि ऐकलेली हकीकत त्याच वर्षीं 'कापा-आल्फा' या मंडळाच्या अंकांत लिहिली. या मंडळाची रीत अशी, कीं प्रत्येकानें आपलीं पानें सभासदांच्या संख्येइतकीं काढून एका ठिकाणीं धाडावयाचीं, आणि तेथून प्रत्येकास सर्वांच्या पानांचा एकेक गठ्ठा जावयाचा. म्हणजे हा लेख मूठभर लोकांपुरताच होता. तरी तो केन यांच्यापर्यंत पोहोंचला, आणि त्यांनीं संतापून लांबलचक उत्तर लिहिलें, कीं बॅटमॅनचा निर्माता मी एकटा! तें उत्तरही पुढें चाहत्यांच्याच एका फॅनझीनमध्यें प्रसिद्ध झालें. दोन्ही पक्ष कागदावर आले. एवढा मोठा वाद, पण त्याचें न्यायालय कोठें भरलें? मोठ्या वृत्तपत्रांत नव्हे. चाहत्यांच्या या घरगुती पानांत.

फिंगर यांस जिवंतपणीं न्याय मिळाला असता, तर ही गोष्ट गोड झाली असती. तसें झालें नाहीं. १९७४ च्या जानेवारींत ते गेले, तेव्हांही बॅटमॅनवर एकट्या केन यांचेंच नांव होतें. केन यांनीं स्वतः १९८९ सालीं आपल्या आत्मचरित्रांत फिंगर यांचा वांटा मान्य केला. नंतर मार्क टायलर नोबलमन या लेखकानें चिकाटीनें शोध घेतला, फिंगर यांच्या नातीनें वारसाहक्कानें मागणी लावून धरली, आणि २०१५ सालीं प्रकाशकांनीं केन यांच्या जोडीस फिंगर यांचें नांव देण्याचें जाहीर केलें. बेल्स यांच्या त्या लेखास तेव्हां पन्नास वर्षें झालीं होतीं, आणि बेल्सही २००६ सालींच निवर्तले होते. परंतु साक्षीदार हयात असतांना कोणी तरी विचारलें होतें, आणि ऐकलेलें लिहून ठेवलें होतें. तें झालें नसतें, तर पुढच्यांनीं शोध कोणत्या धाग्यानें घेतला असता?

बेल्स यांनीं हेंच काम पुढें शेंकडों अनामिक कारागिरांसाठीं केलें. हेम्स वेअर यांच्यासह त्यांनीं अमेरिकन कॉमिक्सच्या लेखक-चित्रकारांचा परिचयकोश १९७३ ते १९७६ या काळांत चार भागांत प्रसिद्ध केला. रॉय थॉमस १९६५ सालींच त्या धंद्यांत शिरले आणि पुढें 'मार्व्हल'चे मुख्य संपादक झाले. सर्वांत नवलाची गोष्ट डॉ. वर्थम यांची. ज्यांच्या पुस्तकानें कॉमिक्सवर संकट आणलें होतें, त्यांनींच १९७३ सालीं फॅनझीनवर एक स्वतंत्र पुस्तक लिहून, माणसांनीं माणसांशीं मोकळेपणानें बोलण्याचें हें एक निकोप साधन आहे, अशी त्यांची वाखाणणी केली.

या मासिकांत दोष नव्हते असें मी म्हणत नाहीं. त्यांत व्याकरणाच्या चुका होत्या, पोरकट भांडणें होतीं, आणि पुष्कळ अंकांनीं दुसरा महिना पाहिला नाहीं. आज तीं जुनीं कॉमिक्स मोठ्या किंमतीस विकलीं जातात, आणि मुलांचें वेड मोठ्यांचा व्यापार झाला आहे. मला हुरहूर वाटते ती त्या पुस्तकांविषयीं नव्हे. जिच्यापासून एक कवडीही मिळावयाची नाहीं अशा आवडीसाठीं रात्री जागवाव्या, लिहिलेल्या ओळीखालीं आपलें नांव आणि पत्ता घालावा, आणि चूक दाखविणारें पत्र आलें तर पुढच्या अंकांत तें छापावें, ही जी त्या मुलांची वृत्ति, तिच्याविषयीं वाटते.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणाच्या घरीं माळ्यावर किंवा ट्रंकेंत एखादें जुनें हस्तलिखित, एखादा सायक्लोस्टाइल केलेला अंक पडलेला असेल. रद्दीवाल्याच्या तराजूंत घालण्यापूर्वीं तो एकदां उघडून पाहा. लेख कोणाचे, चित्रें कोणाचीं, हें त्यांत लिहिलेलें असेल तर उत्तमच. नसेल, तर ज्यांस आठवत असेल त्यांस आजच विचारा, आणि त्यांचीं नांवें पहिल्या पानावर ठळक अक्षरांत, तारीख घालून लिहून ठेवा.