खोली भाड्याने देणे आहे

मंडळी, आज इथं बसलेल्यांपैकी कुणाचं लेकरू लातुरात किंवा नांदेडात 'नीट'च्या तयारीला आहे, हे मी विचारणार नाही. हात मोजायला वेळ लागेल. दहावीचा निकाल लागला की गादी, बादली आणि लोणच्याची बरणी घेऊन आपण तिथल्या गल्ल्यांतून फिरतो. गेटावर पाटी असते, 'खोली भाड्याने देणे आहे, फक्त विद्यार्थ्यांसाठी'. सोळा-सतरा वर्षांची, रात्री दोनपर्यंत जागणारी, एका दुचाकीवर तिघं बसणारी पोरं घराघरांत भरलेली असतात. 'वस्तीत तरुण पोरं नकोत' असं निवेदन तिथल्या रहिवाशांनी कधी दिल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. कसं देतील? भाडं येतं, मेसवाल्या मावशींचं घर चालतं.

आता त्याच वयाची वीस पोरं डोळ्यांसमोर आणा. कुणी रेल्वेच्या फलाटावर सापडलेलं, कुणी वीटभट्टीवरून सोडवलेलं, कुणाचे आईबाप असून नसल्यासारखे. एखाद्या संस्थेनं त्यांच्यासाठी आपल्या बिलोलीतल्या एखाद्या गल्लीत घर घ्यायचं ठरवलं, तर काय होईल? संध्याकाळपर्यंत सह्यांचा कागद फिरेल. पोरीबाळींच्या सुरक्षिततेचा मुद्दा येईल, प्लॉटच्या भावाचा तर तोंडावर न येता येईल. शेवटी कुणीतरी समजूतदारपणे म्हणेल, 'कामाला विरोध नाही हो, पण गावाबाहेर करा.' वय तेच, मिसरूड तेच. म्हणजे आपली तक्रार तरुण पोरांबद्दल नाही. ज्याच्या मागं बाप उभा नाही, अशा पोराबद्दल आहे.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या हासेगावात, 2007 साली रवी बापटले यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी 'सेवालय' सुरू केलं. सुरुवातीला विरोध झाला. 2009 मध्ये ही मुलं गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणं बंद केलं. बातमी देशभर गेली. शेजारी बसल्यानं, एका घागरीचं पाणी प्यायल्यानं एचआयव्ही होत नाही, हे तेव्हाही सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. पण भिंतीवरचं वाचून कुणाची भीती जाते? रोज तीच पोरं समोरून जाताना दिसली, तर जाते.

ती लेकरं मोठी झाली. अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी बालक राहत नाही, बालगृह सुटतं. मग जायचं कुठं? बापटल्यांनी या तरुणांसाठी वसाहत उभी केली आणि बदनाम झालेल्या त्याच तीन अक्षरांना नवा अर्थ दिला. एचआयव्ही म्हणजे 'हॅपी इंडियन व्हिलेज'. तिथं या मुलामुलींची लग्नंही लागली. मला त्यातलं लग्न महत्त्वाचं वाटतं. आश्रमात कुणी आयुष्यभर 'दाखल' राहू शकत नाही, कधीतरी संसार मांडावाच लागतो.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात सांगतो. 2015 च्या बालन्याय कायद्यानं बालगृहाला नोंदणी सक्तीची केली. संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, सोय आहे. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला, संसर्गामुळं शाळाप्रवेश किंवा भाड्याचं घर नाकारण्याच्या भेदभावाला मनाई केली. तेव्हा निवेदन लिहिण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवावं, इतकंच.

पण सही करणाऱ्या प्रत्येकाला मी दगडाच्या काळजाचा म्हणणार नाही. संस्था वाईटही निघतात. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींचे काय हाल झाले, ते 2018 साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पाहणीतून उघड झालं. ते घर काही रानात नव्हतं, शहरात होतं. शेजार होता, पण नुसता शेजार उपयोगाचा नाही. आत काय चाललंय, हे विचारणारा शेजारी लागतो. आणि शहरात असं होऊ शकतं, तर गावाबाहेर, दोन किलोमीटरवर, जिथं रात्री कुत्रंही भुंकत नाही, तिथं कोण बघणार? 'गावाबाहेर करा' म्हणणाऱ्याला आपण सुरक्षितता मागतोय असं वाटतं. ती कुणाची सुरक्षितता, हे त्यानं स्वतःला विचारावं.

म्हणून सह्यांचा कागद फाडू नका, त्यावरचा मजकूर बदला. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा, असं लिहा. जिल्ह्याच्या तपासणी समितीनं तीन महिन्यांतून किमान एकदा यायचं असतं. निदान तीन सदस्य, त्यांत एक बाई आणि एक वैद्यकीय अधिकारी, असं कायद्यातच आहे. मागची तपासणी कधी झाली, ते विचारा. रात्री मुलांजवळ कोण असतं, ते विचारा. पोरांची नावं आणि पूर्वकथा मात्र मागू नका. काळजीच्या नावाखाली चौकशी करायची आपली खोड जुनी आहे, आणि बालकाची ओळख उघड करणं हा कायद्यानं गुन्हा आहे.

आपल्या तालुक्याला परक्या लेकरांची सवय नाही, असंही नाही. सगरोळीला संस्कृती संवर्धन मंडळ 1959 पासून काम करतंय. तिथल्या वसतिगृहांत दूरदूरची मुलं राहून शिकली. सगरोळीचं नाव त्यामुळं खाली गेलं, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मागं एकदा असंच बोलून निघताना दारात एका गृहस्थांनी मला अडवून विचारलं होतं, 'सर, तुमच्या शेजारी असं घर आलं तर चालेल का?' मी म्हणालो, चालेल. ते म्हणाले, 'घरच्यांना विचारलंत?' नव्हतं विचारलं. मग तिथंच उभं राहून फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, 'पाण्याची टाकी वेगळी आहे ना त्यांची?' आता प्रश्नोत्तरांना सुरुवात करू. तुमचाही पहिला प्रश्न टाकीचा असला, तरी चालेल.