घरच्या घरी, पण एकटीनं नाही



मुरबाडला रेल्वे नाही. टोकावड्याच्या पुढच्या एखाद्या वाडीतून लहान मूल घेऊन ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जायचं, तर आधी वाडीपासून रस्त्यापर्यंत पायी, मग जीप, मुरबाडहून कल्याणची एसटी आणि कल्याणहून लोकल. शहापूरकडे कसाऱ्याची लोकल आहे. आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्टेशनं आहेत. पण स्टेशन कुठे आणि पाडा कुठे! तानसा आणि भातसा या धरणांचं पाणी शहापुरातून मुंबईला जातं. मुंबईतले थेरपिस्ट मात्र शहापूरला येत नाहीत.

आता अशा पाड्यावरचं एक मूल घ्या. वय तीन वर्षं. पाय ताठ, कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. मान अजून डुगडुगते. शहरातले डॉक्टर सांगतात, आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला आणा. सल्ला चुकीचा नाही. पण त्या एका खेपेत आईची दिवसाची मजुरी बुडते, सोबत नवरा आला तर त्याचीही बुडते, वर गाडीभाडं. दोन-तीन आठवडे कसंबसं जमतं, मग थांबतं. आणि कागदावर शेरा पडतो की पालक सहकार्य करत नाहीत. या दोन तालुक्यांच्या पाड्यांवर फिजिओथेरपिस्ट म्हणून मी फिरते, आणि हा शेरा वाचला की मला राग येतो. आईबापांना मुलाची काळजी नाही असं घर मला इथे क्वचितच भेटलं. अडचण येते ती अंतराची आणि मजुरीची.

म्हणून आज बोलायचं आहे ते घरी करायच्या थेरपीबद्दल. ती खरंच होते का, कोणी करायची, आणि करणाऱ्यावर किती भार टाकायचा.

आपल्या जिल्ह्याचा या विषयाशी एक जुना संबंध आहे. मुलांची जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला तो पालघरला, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. या कार्यक्रमाचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलं तपासतं. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांसारख्या गोष्टींची कमतरता आणि वाढ-विकासातला उशीर, हे चारही त्यात बघतात. म्हणजे मूल सापडण्याची सोय आहे. पुढे त्याला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं असतं, आणि तिथे पुन्हा तोच प्रवास आड येतो.

ही अडचण आपल्याच वाट्याला आली असंही नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या पोर्टेज या गावी हाच प्रश्न पडला होता. मुलं लांब लांबच्या शेतघरांत विखुरलेली, त्यांना रोज एका केंद्रात आणणार कसं? त्यांनी मुलांना आणणं सोडलं आणि शिकवणारी माणसं घरोघरी पाठवली. आठवड्यातून एकदा घरी जायचं, आईला एखादी छोटी गोष्ट करून दाखवायची, ती तिच्याकडून करून घ्यायची आणि पुढच्या आठवड्यात बघायला यायचं. ही पद्धत पुढे जगभर गेली, भारतातही आली. ऑस्ट्रेलियात सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचाली बिघडलेल्या मुलांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या आईबापांनी घरी थेरपी केली ती महिन्यातून साधारण सतरा-अठरा वेळा, एका वेळी पाव तासाच्या आसपास. आठ आठवड्यांत मुलांच्या हालचालींत फरक दिसला. त्या अभ्यासात मुलाने आधी काय शिकायचं हे घरच्यांनी ठरवलं होतं, आणि मला तो भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

ते इथे कसं दिसतं, सांगते. शहापूर तालुक्यातल्या एका घरी चार वर्षांची मुलगी. आईबाप कामावर, पोर आजीजवळ. मी माझा कागद काढला आणि विचारलं, आजी, हिने आधी काय करावं असं वाटतं? मला वाटलं, म्हणतील चालू दे. आजी म्हणाल्या, "चालायचा नंतर बघू. आधी बसायचा सांग. माझी कंबर गेली हिला उचलून."

झालं, आमचं काम ठरलं. घराचा एक कोपरा घेतला. दोन भिंती पाठीला आणि दोन्ही खांद्यांना आधार देतात, त्यामुळे खांदे पुढे येतात आणि मूल मागे ताणलं जात नाही. खाली गोधडीची घडी. दोन्ही बाजूंना जुन्या पँटचे पाय कापून त्यात भाताचं तूस भरून शिवलेले लोड. पुढे आंब्याची रिकामी पेटी उलटी घातली, तेच टेबल. खर्च सुई-दोऱ्याचा. तिथे दिवसातून तीनदा बसायचं, जेवताना. जेवण काही चुकत नाही, म्हणून थेरपीही चुकत नाही. वेगळा तास काढा असं मी आजींना सांगितलं असतं, तर आवणी सुरू झाल्या दिवशी तो तास वाहून गेला असता.

खाऊ घालण्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण मुलाच्या जिवाशी ज्याचा थेट संबंध आहे ती गोष्ट हीच. आपल्याकडे अशा मुलाला मांडीवर आडवं घेऊन, डोकं मागे टाकून पेज पाजतात. त्यात पेज पातळ. मुलाला ठसका लागतो, थोडी पेज श्वासनळीत जाते, आणि मग दर महिन्याला खोकला, ताप, न्यूमोनिया. घरच्यांना वाटतं पोर नाजूक आहे. मुलाला बसतं धरा, डोकं किंचित पुढे झुकलेलं ठेवा. चमचा वरून ओतू नका. समोरून, तोंडाच्या पातळीवर आणा. जिभेवर हलकेच दाबा, ओठ मिटू द्या, मग चमचा काढा. पेजेपेक्षा घट्ट, मऊ कालवलेला भात किंवा घट्ट आंबील बरी. एका जेवणाला अर्धा तास लागला तरी लागू द्या. जेवल्यावरही थोडा वेळ बसतंच ठेवा.

कडेवर घेणं हीसुद्धा थेरपीच. ज्या मुलाचे पाय कात्रीसारखे अडकतात, त्याचे पाय फाकलेले राहिले तर ताठरपणा कमी होतो. आपल्या बाया पूर्वीपासून मूल कमरेवर, एक पाय पुढे आणि एक मागे टाकून घेतात. तेच योग्य. पण मूल मोठं आणि ताठ झालं की त्याला दोन्ही हातांवर आडवं, तान्ह्या बाळासारखं उचलायची सवय लागते, आणि ते आणखी ताठ होतं. मालिशचंही तसंच. तेल जरूर लावा, पण सावकाश. ताठ पाय जोर लावून ओढून सरळ करायचा नाही. ओढला की तो उलट आणखी आवळतो, आणि मूल नंतर तेलाची वाटी बघूनच रडतं.

हाताच्या कामाला घरात काय कमी आहे? रब्बीत भात काढून झालेल्या शेतात वाल येतो. शेंगा सोलून दाणे वाटीत टाकायचे, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीने. महागड्या खेळण्याने याहून वेगळं काही होत नाही. फक्त जवळ माणूस हवं. वालाचा दाणा नाकात गेला की थेट दवाखाना गाठावा लागतो. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी सुरू केली. ते बोर्डीही त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातलंच. तिथे मुलं शंख-शिंपले, बिया, खडे यांनीच शिकत होती. आम्ही काही नवीन शोध लावलेला नाही.

बोलण्याबद्दल दोन गोष्टी. "त्याचा बापही उशिरा बोलला होता," असं घरोघर ऐकू येतं. असेलही. पण दीड वर्षाचं मूल एकही शब्द बोलत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. ऐकूच येत नसेल तर बोलणार कसं? वांद्र्याला अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. दुसरं, मोबाइल. दोन वर्षांखालच्या मुलांना तो दाखवूच नये असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. मूल माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायला शिकतं. भाकरी थापताना बोला, शेळीला पाला टाकताना बोला, आणि बोलून झालं की थांबा. मूल उत्तर द्यायला वेळ घेतं. तेवढा वेळ आपण गप्प बसत नाही, लगेच दुसरा प्रश्न विचारतो.

आता माझ्याच क्षेत्रातल्या लोकांना एक सांगायचं आहे. आपण सगळं आईला शिकवतो. पण दिवसभर मूल असतं कोणाजवळ? आजीजवळ, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीजवळ. आजीला शिकवा. बहिणीला खेळ शिकवा, पण तिची शाळा बुडवून तिला थेरपिस्ट करू नका. आणि बापाला जरूर बसवा. पाच वर्षांचं ताठ मूल उचलायला ताकद लागते, ती बापाकडे असते. आणि सकाळच्या अंघोळीत हातपाय मोकळे करायचं काम त्याने केलं तर त्यात काही कमीपणा नाही. एकट्या आईवर चूल, मजुरी, पाणी आणि वर थेरपीचा कागद टाकला, तर ती महिनाभरात थकते आणि वर स्वतःलाच दोष देते.

आता स्थलांतराचं. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. या काळात अंगणवाडी सुटते, आशाताई सुटतात, आणि ज्या मुलाला आकडी येते त्याच्या गोळ्याही सुटतात. हे सगळ्यात वाईट. आकडीच्या गोळ्या अचानक बंद झाल्या की झटके वाढतात, आणि मूल वर्षभर शिकलेलं विसरून बसतं. निघण्याआधी आरोग्य केंद्रातून जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या आणि औषधाची चिठ्ठी मागून घ्या. भट्टीवर आकडी आलीच, तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. मुलाला कुशीवर वळवा, जवळचे दगड-विटा बाजूला करा, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी बघा. भगताकडे ज्यांना जायचं त्यांनी जावं, मी कोणाला अडवत नाही. पण गोळी थांबवायची नाही.

घरी सगळं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. पायाला स्प्लिंट लागते, कधी शस्त्रक्रिया लागते, खुबा निखळतोय का हे एक्स-रेशिवाय कळत नाही. घरच्या थेरपीवर दर दोन-तीन महिन्यांनी जाणत्या माणसाची नजर हवी. ती नसेल, तर "घरी करा" म्हणजे मूल आईच्या पदरात टाकून हात झटकणं. म्हणून ठरलेल्या वारी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात थेरपिस्ट भेटला पाहिजे, आणि तो वार अंगणवाडीच्या फळ्यावर लिहिलेला असला पाहिजे. ही मागणी फार मोठी नाही. ग्रामसभेत ती मांडता येते.

या खेपांच्या खर्चासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून घ्या. त्यावर एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे, आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो.

शेवटी, ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे त्यांच्यासाठी. माता-बाल संरक्षण कार्ड प्रत्येक घरात असतं. त्यात कोणत्या महिन्यात बाळाने काय करायला हवं याची चित्रं आहेत. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात, तेव्हा ते कार्ड त्यांच्यापुढे उघडा. पाच महिन्यांचं बाळ मान धरत नसेल, दहा महिन्यांचं बसत नसेल, दीड वर्षाचं चालत नसेल, तर विचारा. वर्षाच्या आतलं बाळ प्रत्येक वस्तू एकाच हाताने घेत असेल आणि दुसरी मूठ मिटलेलीच असेल, तर ते डावखुरं-उजवं म्हणून सोडू नका, तेही दाखवा. आणि मूल तीन वर्षांचं झालं की बसत नसलं, बोलत नसलं तरी त्याला अंगणवाडीत न्या. दिव्यांग मुलांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यायचं याचे नियम केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्येच काढले आहेत. सेविकाताई नाही म्हणाल्या तर पर्यवेक्षिकेला भेटा, आणि तपासणी पथक पुढच्या वेळी कोणत्या तारखेला येणार आहे ते त्याच दिवशी विचारून या.